वरण ढवळू नये

जे जागा व्यापते आणि ज्याला वजन असते, त्याला द्रव्य म्हणतात. (या व्याख्येत लग्नातले व्याहीही बसतात, शास्त्राने त्यांचा वेगळा उल्लेख केलेला नाही.) द्रव्याचे मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण असे प्रकार असून मिश्रणाचे पुन्हा दोन: सगळीकडे सारखे ते समांगी, जागोजागी निराळे ते विषमांगी. सृष्टी इतकी सुटसुटीत असताना माणसे दुःखी का असतात, हे तेलंगणातल्या तलमडुगूकडच्या एका मराठी शाळेतले विज्ञानशिक्षक हर्षदीप सर यांना कधी कळले नाही.

सरांच्या हातून एक वर्गीकरण मात्र घाईत झाले. आठवीच्या वर्गात साक्षी नावाच्या मुलीने विचारले, "सर, वरन कशात येते?" नेमके त्याच वेळी तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते. साहेबांसमोर विचार करत बसणे हे अज्ञानाचे लक्षण समजले जाते. सर ताबडतोब म्हणाले, "समांगी." साहेबांना मराठी येत नव्हते आणि जेवायची वेळ झाली होती, त्यांनी मान हलवली. झाले! वरण सरकारदरबारी समांगी ठरले. साहेबाची मान ज्याला हलली, ते फिरवायला निदान तेवढ्याच वजनाची दुसरी मान लागते, आणि ती मंडलात, म्हणजे तिकडच्या तालुक्यात, उपलब्ध नव्हती.

पुढे सरांची धाकटी बहीण अर्पिता हिचे लग्न जैनथ गावच्या अमरदीपशी ठरले. मुलगा चांगला, शिक्षक. मुलाचे वडील चंपतराव महसूल खात्यातले निवृत्त कारकून. ते रागावत नसत, फक्त नोंद घेत, आणि ती नोंद सुनेला जन्मभर ऐकावी लागेल अशी अर्पिताच्या आईला, द्वारकाबाईंना, मनातून भीती होती. थोरल्या सुनेच्या लग्नात पापड मऊ निघाले होते. ते पापड चंपतराव अजून काढत.

स्वयंपाकावर देखरेख सरांकडे आली. वाढायला आठवीचा वर्ग आला. विहाराच्या आवारात वंदना झाली, हार घातले गेले, आणि सरांनी छोटेसे भाषण केले. आपल्या लग्नात मानपान नाही, उच्चनीच नाही. पहिल्या पंगतीला जे वरण, तेच शेवटच्या पंगतीला, कारण वरण समांगी असते. टाळ्या पडल्या. (समतेच्या भाषणाला जेवणाआधी टाळ्या पडतात. जेवणानंतर कोणी भाषणच ठेवत नाही.)

वरणाच्या गंजाजवळ सर खुर्ची टाकून बसले. द्वारकाबाई ओगराळे घेऊन आल्या.

"बापू, ढवळा लागते रे. दाळ खाली बसून राह्यली."

"माय, समांगी मिश्रण खाली बसत नाही."

"मंग तुह्या मिश्रनाले सांग ना. थे बसलं."

सरांनी ओगराळे काढून घेतले. आईचे त्यांना पटत नव्हते असे नाही. पण सगळा वर्ग बादल्या घेऊन समोर उभा होता. मास्तराने वरण ढवळले की व्याख्या ढवळली जाते, मग व्याख्येवरून पुस्तक, पुस्तकावरून शाळा, आणि शाळेवरून त्यांचा पगार. त्यांनी वरवरचे वरण काढून बादल्या भरून दिल्या.

पहिली पंगत अर्थातच मुलाकडची. चंपतरावांनी भाताचे छान आळे केले. त्यात वरण पडले, आळे फोडून निघाले, पत्रावळीला वळसा घालून त्यांच्या धोतरात गेले.

"सर, हे काय हाये?"

"वरण आहे मामा. समांगी."

"मंग याच्यात दाळ काऊन दिसत नाई?"

"समांगी मिश्रणात घटक वेगळे दिसत नाहीत. हाच तर पुरावा."

चंपतरावांनी पत्रावळ हळूच पुढे सरकवली. "याची तहकीकात व्हा लागते," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठू लागले. व्याही भरल्या पानावरून उठला की पंगत उठते, हे सांगायला विज्ञान लागत नाही. अर्पिताने मांडवातून भावाकडे पाहिले.

एकीकडे बहीण, एकीकडे आठवीचा वर्ग. माणूस खचला असता. पण सर शिकलेले होते. त्यांच्या लक्षात आले की आपण ढवळायचे नाही असे म्हटले आहे, कुठून घ्यायचे ते म्हटलेले नाही. त्यांनी ओगराळे सरळ, अजिबात न फिरवता, तळापर्यंत नेले आणि तसेच वर आणले. असे वरण, की ओगराळ्यातून पडायला तयार होईना. चंपतराव बसले. दोन घास खाल्ले. "दाळ चांगली शिजली," ते म्हणाले. अर्पिताच्या जिवात जीव आला.

शेजारी चंपतरावांचे साडू बसले होते. ते म्हणाले, "सर, आमालेबी थेच द्या." मग साडूंचे मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी, आणि बाजारहत्नूरहून आलेले एक गृहस्थ, जे कोणाचेच कोणी नव्हते. सर खालून घेत गेले. व्याख्या शाबूत राहिली, लग्न शाबूत राहिले, जैनथची गाडी हसत वाजत गेली.

शेवटच्या पंगतीला द्वारकाबाई, स्वयंपाकाच्या बाया, आठवीचा वर्ग आणि स्वतः सर बसले. हिंगाचा वास असलेले पिवळे पाणी भातावर आले. साक्षीने बादलीत वाकून नीट पाहिले.

"सर, आता झालं समांगी. वर-खाली सारखंच हाये."

सरांनी मान हलवली. द्वारकाबाईंनी ठेचा मागून घेतला.

तुम्ही हसलात, ते ठीकच आहे. मास्तराला हसायला पात्रता लागत नाही. पण गेल्या लग्नात वाढपी ओळखीचा निघाला, तेव्हा तुम्ही त्याला हळूच एकच शब्द म्हणालात: "खालून." शेजारच्या पत्रावळीवर काय पडले, ते तुम्ही पाहिले नाही. आणि जेवण कसे होते असे कोणी विचारले, तर अजूनही सांगता, फार छान, सगळ्यांना पुरले.