पाण्याचा चेंडू

गोल्फचा कुठलाही चेंडू माझ्या तळहातावर ठेवा. तो नवा की जुना, किती दिवस पाण्यात पडून होता, हे मी डोळे मिटून सांगेन. ही बढाई नाही. चाळीस वर्षं मी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले, त्यात हात तयार झाला. आमच्या शिंप्याला मात्र हे पटत नाही. तो म्हणतो, "हात एवढा शहाणा आहे, तर तुझा फटका का बसत नाही?" त्याचं बरोबर आहे. ओळखणं वेगळं, मारणं वेगळं.

गोल्फ म्हटलं की लोकांना मोठ्या गाड्या आणि पांढरे बूट आठवतात. आमचा क्लब तसला नाही. गवत कापायचं एकच यंत्र आहे आणि ते गवतापेक्षा चेंडू जास्त कापतं. सभासद म्हणजे शिंपी, एक निवृत्त पोस्टमन, दोन नर्सबाई, मी, आणि असेच. नवा चेंडू विकत घेतो तो आमच्यात श्रीमंत समजला जातो. बाकीचे सापडलेल्या चेंडूंवर भागवतात. खेळून झाल्यावर बाकावर बसलो की गप्पा त्याच. पोस्टमनला एकदा कावळ्याच्या घरट्यात तीन चेंडू मिळाले, आणि कावळा त्यानंतर दोन वर्षं त्याच्या टोपीवर डूख धरून होता. शिंप्याने तरुणपणी हार्डवेअरच्या दुकानातून जाळीतले सहा चेंडू घेतले होते. ते कुणीतरी भिंतीच्या रंगाने रंगवलेले निघाले. तिसऱ्या फटक्याला उकडलेल्या अंड्यासारखं टरफल सुटलं आणि आतून क्लबचंच नाव बाहेर आलं.

माझे चेंडू मात्र आमची ही शोधायची. तिने आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नाही. ती नुसती माझ्याबरोबर चालायची आणि झुडपांत शिरायची. काटे, चर, माळ्याचा कुत्रा, कशालाच भ्यायची नाही. मी बाहेर छत्री धरून उभा.

"अहो, आत या. साप नाहीये."

"नाही हे तू कशावरून सांगतेस?"

"असता तर मला आधी चावला असता ना?"

भीतीचं सगळं खातं माझ्याकडे आणि धीराचं तिच्याकडे, अशी आमची वाटणी होती. ती जाऊन दीड वर्ष होत आलं. आता दोन्ही खाती मलाच सांभाळावी लागतात, आणि त्यातलं एक मला येत नाही.

तिने शोधलेला शेवटचा चेंडू अगदी टाकाऊ होता. तेव्हा ती पहिल्या बाकापलीकडे चालू शकत नव्हती. बसल्या बसल्या तिने टेकायच्या काठीने गवत उकरलं आणि हा वर आला. पिवळा पडलेला, यंत्राच्या पात्याने मधोमध चिरलेला. चीर अशी की चेंडू हसतोय असं वाटावं. घरी येऊन तिने त्याला कपड्यांवर खूण करायच्या शाईने दोन डोळे काढले आणि म्हणाली, "हा खेळायचा नाही. हा तुमच्याकडे बघायला ठेवलाय." मी तो माझ्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवला. तिथे मी कधी हात घालत नसे.

मी घालत नसे. शिंप्याला ते माहीत नव्हतं.

ती गेल्यावर चौदा महिन्यांनी त्याने मला ओढून खेळायला नेलं. सातव्या खड्ड्याच्या वाटेत तळं आहे. तळ्यावरून चेंडू मारायचा असतो, आणि त्यासाठी आमच्याकडे एक रीत आहे. तळ्याशी आलं की चांगला चेंडू खिशात घालायचा आणि पिशवीतला सगळ्यात भिकार चेंडू बाहेर काढायचा. त्याला आम्ही पाण्याचा चेंडू म्हणतो. बुडाला तरी जीव जळत नाही. मी पाण्याकडे बघत उभा होतो, कारण मला पोहता येत नाही आणि ते तळ्यालाही ठाऊक आहे असं मला नेहमी वाटतं. शिंपी मदतीला धावला. त्याने माझी पिशवी चाचपली, एक चेंडू काढला आणि लाकडी खुंटीवर माझ्यासमोर ठेवला. चीर खालच्या बाजूला. मी खाली नीट पाहिलंच नाही. डोळे बारीक केले आणि मारला.

चेंडू काठापासून सातआठ पावलांवर डुबुक करून गेला.

"जाऊ दे रे," शिंपी म्हणाला. "चिरलेलाच होता. आणि कुणा पोराने त्याच्यावर डोळे काढले होते."

मी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला, तर तो रिकामा.

त्याला सगळं सांगितल्यावर तो बिचारा कपाळाला हात लावून बसला. "मीच उतरलो असतो," तो म्हणाला, "पण माझा गुडघा."

"तुझा गुडघा मला माहीत आहे."

"उद्या उतरू. माणूस आणू."

उद्या म्हणजे मंगळवार. मंगळवारी तळं उपसून चेंडू गोळा करणारा ठेकेदार येणार होता. तळ्यातले सगळे चेंडू क्लबच्या मालकीचे, अशी तिथे पाटीच आहे. तो पोत्यात भरून नेतो आणि कुठे विकतो देव जाणे. दोन वर्षांपूर्वी हिला पडद्याच्या दांडीला वरणाचा डाव बांधून चेंडू काढताना सेक्रेटरीने पकडलं होतं. पुन्हा दिसलात तर सभासदत्व रद्द, अशी मला लेखी ताकीद होती. हिला नाही, मला.

तेव्हा उतरणं आलं. मी पँट काढून घडी केली. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर काठाशी उभा राहिलो. भीतीने दात वाजायला लागले, आणि वरची कवळी सैल, म्हणून ती काढून शिंप्याकडे दिली. त्याने ती रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली.

"तळ्यात कासव आहे म्हणतात," तो म्हणाला.

"हे आत्ता सांगायचं होतं?"

"लहान आहे. माळ्याचं बोट फक्त धरलं होतं."

पाचव्या पावलाला गुडघाभर चिखल लागला. सातव्याला मांड्या गेल्या. आठवं पाऊल उचलायला गेलो तर ते उचललंच नाही. दुसराही पाय आला नाही. मी जितका वर ओढे, तितका चिखल मला खाली ओढे, आणि पाणी छातीवर आलं.

"शिंप्या," मी म्हणालो, "मी जातोय."

"कुठे?"

"खाली."

तो दोरी आणायला पळाला. पळाला म्हणजे त्याच्या गुडघ्याने जितकं पळता येतं तितका. मी एकटा राहिलो. पाण्यात एकटं उभं राहिलं की बारीकसारीक आवाजही ऐकू येतात. माझ्या मागे काहीतरी बुडबुड करत होतं. ते कासव असेल किंवा माझंच पोट असेल. मान वळवून बघायची हिंमत नव्हती.

एवढ्यात दोघी नर्सबाई खेळत तिथे आल्या.

"अहो, पाण्यात काय करताय?"

कवळीशिवाय माझे शब्द नीट फुटत नाहीत. मी जे बोललो त्यातलं त्यांना काही कळलं नसावं. मोठ्या बाई म्हणाल्या, "चेंडू शोधतायत वाटतं. शोधू दे." धाकट्या म्हणाल्या, "मग आपण मारायचं की थांबायचं?" त्यावर दोघींची नियमांवर चर्चा झाली. माणूस हा हलता अडथळा की स्थिर? मी तर स्थिर होतोच. शेवटी मोठ्या बाईंनी मला हाक मारून सांगितलं, "जरा हलू नका हं." त्यांचा चेंडू माझ्या कानाशेजारून गेला. त्या "थँक यू" म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

आणि त्याच क्षणी माझ्या मांडीला काहीतरी गोल लागलं.

मी श्वास धरून खाली वाकलो, डोकं पाण्यात गेलं, आणि हात चिखलात घातला. पहिला चेंडू दुसऱ्याच कुणाचा. दुसराही. तिसऱ्याला बोट लावलं तर चीर लागली. वर आणला. चिखल पुसला. दोन डोळे, आणि ते हसणं. चौदा महिन्यांत मी पहिल्यांदा मोठ्याने रडलो, आणि पाण्यात असल्यामुळे ते कुठे दिसलं नाही.

तेवढ्यात सेक्रेटरीची छोटी गाडी आली. शिंप्याने क्लबात दोरी मागितली होती, त्यामुळे खुद्द सेक्रेटरीच निघाले होते. बरोबर माळी आणि गवत ओढायचं लांब दांड्याचं दाताळं. शिंपी आपला मागून चालत येत होता.

"दाताळं दोन्ही हातांनी धरा," सेक्रेटरी ओरडले. "दोन्ही हातांनी."

दोन्ही हातांनी धरायचं, तर चेंडू कुठे ठेवायचा? चड्डीला खिसा नाही. पाण्यात टाकला तर उद्या ठेकेदार नेणार. हातात दिसला तर सेक्रेटरी घेणार. मला विचार करायला वेळ नव्हता, आणि भ्यालेला माणूस विचार करतही नाही. वरचे दात नव्हतेच. मी चेंडू तोंडात घातला.

सुटताना चिखलाने मोठा आवाज केला आणि मी काठावर उताणा आलो.

"बरे आहात ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी म्हणालो, "ऊं."

"नाव सांगा."

"ऊं ऊं."

ते खाली वाकले. माझा चेहरा एका बाजूने फुगलेला आणि दुसऱ्या बाजूने बसलेला. तोंडातून लाळ. अंग थरथरत होतं. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "अरे देवा," ते माळ्याला म्हणाले, "यांना झटका आलाय. माझी मोठी गाडी ड्रायव्हरला इकडे आणायला सांग."

आता थुंकावा, असं मला वाटलं. पण सेक्रेटरींनी माझा हात हातात घेतला होता. ज्या माणसाला मी दोन वर्षं वाघाला भ्यावं तसा भ्यालो, तो आपल्या कोटाने माझे पाय झाकत म्हणाला, "घाबरू नका. माझ्या वडिलांनाही असंच झालं होतं. मी आहे." एवढं झाल्यावर त्याच्या समोर तोंडातून क्लबचा चेंडू कसा काढायचा? मी आणखी घाबरलो. शिंपी पोचला तेव्हा दार बंद करून आमची गाडी निघाली होती, आणि माझे दात त्याच्या खिशात राहिले.

वाटेत कळलं की तोंडात शिरलेली वस्तू आपणहून बाहेर येत नाही. जबडा आखडला होता. गाडी खड्ड्यातून गेली की चेंडू घशाकडे सरके, आणि मी डोळे पांढरे करी. सेक्रेटरी ड्रायव्हरला ओरडत, "लवकर चला." लवकर चालल्याने खड्डे जास्त लागत.

दवाखान्यात मला एका खाटेवर निजवलं. एक तरुण डॉक्टर आला. माझे हात उचलून बघितले, पाय टोचून बघितले. पाय मी जोरात मागे घेतला. तो गोंधळला. "इकडे तर सगळं ठीक आहे," तो म्हणाला. मोठ्या सुईची तयारी चालू झाली.

मी सुईला फार भितो. तरी गप्प राहिलो. सुई टोचून घेईन, पण हा देणार नाही, असं ठरवलं होतं.

मग पडदा सरकला आणि माझी मुलगी आत आली.

तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायात वेगळीच. हाताला पीठ लागलेलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, दांडी घट्ट धरून. चौदा महिन्यांपूर्वी, याच दवाखान्यात, ती अशीच उभी होती. मी तेव्हा तिच्या शेजारी उभा होतो. आता मी खाटेवर.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "माझ्याकडे बघा. मी कोण आहे सांगा."

तळं, कासव, सेक्रेटरी, सुई, या सगळ्यांना मी त्या दिवशी घाबरलो होतो. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला जी भीती वाटली, ती वेगळी होती. एका चेंडूपायी मी माझ्या पोरीला पोरकी करायला निघालो होतो.

मी डॉक्टरची बाही ओढली आणि दोन्ही हातांनी जबडा धरून, जमेल तेवढा आ केला.

डॉक्टरने बॅटरी लावून आत पाहिलं. आतून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते, आणि खाली हसू. डॉक्टर दोन पावलं मागे गेला आणि सुयांच्या ट्रेवर बसला. काही वेळ त्याचीच धावपळ झाली.

मग नर्सने चमच्याच्या दांड्याने चेंडू बाहेर काढला. तो ट्रेमध्ये टण्णकन पडला.

"हे काय आहे?" मुलीने विचारलं.

"तुझ्या आईचा," मी म्हणालो. बोळक्या तोंडाने जे काय म्हणता आलं ते. पुढचं सगळंही तसंच सांगितलं.

ती आधी मला खूप बोलली. "मी गाडी कशी चालवत आले ते माझं मला माहीत नाही. वय काय तुमचं? चिखलात? कवळी कुठाय?" मग ती चेंडूकडे बघत राहिली. ती रडते की हसते ते मला कळेना. बहुधा तिलाही कळत नसावं.

सेक्रेटरी दाराशी उभे होते, कोटावर चिखल. त्यांनी घसा साफ केला. "तळ्यातले चेंडू..." ते म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिने नुसतं पाहिलं, पण ती आईवर गेली आहे.

"...ओले असतात," सेक्रेटरी म्हणाले. "पुसून ठेवा."

तिने तो पुसला, ओढणीच्या टोकात बांधला आणि घरी नेला. आपल्या घरी. आता तो तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, साबणाशेजारी आहे. एकदा मी न सांगता गेलो, तर ती भांडी घासता घासता त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी दारातूनच मागे फिरलो आणि पाच मिनिटांनी बेल वाजवली.

चेंडू माझा आहे. तो आमच्या हिने माझ्याकडे बघायला ठेवला होता. हे मला मुलीला स्पष्ट सांगायचं आहे. त्यासाठी मी दर रविवारी तिच्याकडे जातो, दोन वेळा घसा साफ करतो, आणि जेवून परत येतो.