विसूभाऊंच्या गालातले अकरा गुलाबजाम

एका जंगलात एक पंचतारांकित हॉटेल होतं. असं तोंड वाकडं करू नका, मुलांनो. जंगलात सिंह असतो हे तुम्हाला चालतं, मग सिंहाचं हॉटेल का चालत नाही?

तर सिंहमहाराजांना म्हातारपणी शिकारीमागे धावणं झेपेना. त्यांनी गुहेला संगमरवर लावला, दाराशी कारंजं बसवलं आणि दर रविवारी दुपारी बफे सुरू केला. बाहेर पाटी लावली : 'हवं तेवढं खा. घरी काही नेऊ नका.' जेवण शुद्ध शाकाहारी होतं. मांसाहारी ठेवलं असतं, तर गिऱ्हाईक कुठलं आणि पदार्थ कुठला हे वाढप्यांना कळलं नसतं.

वाढपी बगळे होते. त्यांना गणवेश शिवावे लागले नाहीत. ते दिवसभर एका पायावर उभे राहत, आणि तुम्ही चौथी पुरी उचलली की सावकाश मान वळवून तुमच्याकडे बघत.

याच जंगलात विसूभाऊ तांबतोंडे नावाचं माकड राहत होतं. मनाने फार चांगले गृहस्थ. पण बोलायला लागले की थांबत नसत. त्यापायी त्यांच्या मुलीचं, शेवंतीचं, लग्न तीनदा मोडलं होतं. पहिल्या व्याह्यांना विसूभाऊंनी विचारलं, "तुमचं शेपूट जन्मापासूनच एवढंसं आहे का?" दुसऱ्यांना त्यांनी स्वतःच्या मूळव्याधीची हकिगत अगदी पहिल्यापासून सांगितली, तीही पंगतीत. तिसऱ्यांना काय म्हणाले ते तुम्ही मोठे झालात की सांगेन.

आता चौथं स्थळ आलं होतं, आणि ते वानरांचं होतं. काळं तोंड, लांब शेपूट, नदीकाठच्या सर्वांत उंच झाडावर घर. मुलाचं नाव निशिकांत काळमुखे. शेवंतीला तो फार आवडायचा. दोघं महिनाभर एकाच फांदीवर भेटत होते, पण हे कुणाला सांगू नका.

निशिकांतचे वडील रावसाहेब यांनी निरोप पाठवला, "बोलणी बफेला करू. घराणं ताटावरून कळतं."

झालं! तांबतोंड्यांच्या घरात लगीनघाई उडाली. विसूभाऊंच्या बायकोने, इंदुताईंनी, रविवारी सकाळी हुकूम सोडला.

"कुणी काही खायचं नाही. चहासुद्धा नाही. तिथे गेल्यावर सूपच्या वाटेला जायचं नाही, नुसतं पाणी असतं. काकडी-टोमॅटोकडे बघायचंही नाही. सरळ पनीर गाठायचं!"

शेवंतीने बाबांना बाजूला घेतलं.

"बाबा, माझ्यासाठी एक करा. आज बोलू नका."

"अगं, मी कुठे बोलतो? परवाच मी त्या साळिंदराला म्हटलं, बाबा रे, तुझ्या बायकोचे काटे—"

"बाबा!"

"बरं, बरं. नाही बोलत."

तिचे डोळे भरून आले होते. विसूभाऊंना कसंसंच झालं. त्यांनी मनोमन शपथ घेतली आणि ती कितपत टिकेल याची त्यांनाच धास्ती वाटली.

निघताना वरच्या फांदीवरून त्यांचे वडील अण्णा ओरडले. अण्णांना एकही दात नव्हता. "विसू, मला एक गुलाबजाम आण रे!"

कुणी एक मागितला की दहा-बारा आणायचे, ही तांबतोंड्यांची पिढीजात रीत. आणि आणायचे कसे, तर गालात. माकडांच्या दोन्ही गालांत एकेक पिशवी असते, मुलांनो. देवाने दिलेली आहे, धुवावी लागत नाही.

हॉटेलच्या दारात मॅनेजर मुंगूस उभं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी ते नाक खुपसून तपासायचं. गाल तपासायचं मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आत काय थाट होता! चकचकीत झाकणांची भांडी रांगेने मांडली होती. एका भांड्यात साधं पिठलं होतं, पण पाटीवर 'बेसनाचे मखमली सार' असं लिहिलं होतं, त्यामुळे तिथेच सर्वांत जास्त गर्दी होती. टरबूज कोरून केलेला मोर पाहून खरा मोर हिरमुसला आणि उगाच पिसारा फुलवून चटण्यांवर वारा घालू लागला. अस्वल जिलेबीच्या कढईपाशी ताट न घेताच उभं होतं. कासव सूप संपायच्या आधीच गोडाच्या टेबलाकडे निघालं होतं, म्हणजे वेळेवर पोचेल. कोपऱ्यातल्या टेबलावर अजगर पसरला होता. तो मागच्या रविवारी जेवायला आला होता.

निशिकांतला घेऊन आलेल्या रावसाहेबांनी आपल्या ताटात दोन काकडीचे काप, एक लिंबाची फोड आणि चमचाभर भात घेतला. खानदानी जेवण ते. विसूभाऊ सहा वेळा उठले. पनीर, छोले, तीन तऱ्हांचे पुलाव, आणि दर खेपेला पिठलं. पण एक शब्द बोलले नाहीत. खाता खाता बोलण्यात त्यांना खाण्याचं नुकसान वाटत होतं.

शेवटी पोटात तीळ ठेवायला जागा उरली नाही. बोलणी राहिलीत हे विसरून विसूभाऊंना वाटलं, आता निघायचंच. ते गोडाच्या टेबलाशी गेले. बगळ्याने पाय बदलण्यासाठी क्षणभर डोळे मिटले. तेवढ्यात सहा गुलाबजाम उजव्या गालात गेले आणि पाच डाव्या. डाव्या गालात जरा जागा दिसली म्हणून त्यांनी जाता जाता एक मिरचीचं भजंही त्यात सरकवलं.

ते टेबलाशी येऊन बसले आणि रावसाहेबांनी हात पुसले.

"हं, विसूभाऊ. चला, आता बोलू."

विसूभाऊंचे डोळे विस्फारले. गिळावं तर पोटात जागा नाही. थुंकावं तर बगळा बघतोय.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," रावसाहेब म्हणाले. "एकच अट आहे. ती अस्वलाच्या पिलांना झाडावर चढायला शिकवते म्हणे. लग्नानंतर ते वर्ग बंद करावे लागतील. काळमुख्यांच्या सुना काम करत नाहीत."

शेवंतीचा चेहरा उतरला. ते वर्ग तिने स्वतःच्या हिमतीवर उभे केले होते. "चौदा पिलं आहेत हो, त्यांतलं एक तर घाबरून अजून पहिल्याच फांदीवर आहे," ती कशीबशी म्हणाली. तिने टेबलाखालून बाबांना लाथ मारली.

"बाबा, बोला ना!"

विसूभाऊ गप्प.

रावसाहेबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. भरदार गाल, मिटलेले ओठ, रोखलेली नजर. वानरांना गालात पिशव्या नसतात, आणि जे आपल्याजवळ नाही ते दुसऱ्याजवळ असेल असं मोठ्या लोकांच्या ध्यानात येत नाही.

"म्हणजे... सगळेच बंद करा असं नाही," रावसाहेब जरा चाचरले. "सकाळचे चालू ठेवले तरी चालतील."

विसूभाऊ गप्प.

"संध्याकाळचेही ठेवा हवं तर."

विसूभाऊ गप्प. एवढ्यात त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून पाकाचा एक थेंब ओघळला. शेवंतीने तो पाहिला. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने चटकन रुमालाने बाबांचं तोंड टिपलं.

"बाबांना असं काही ऐकलं की घाम फुटतो," ती म्हणाली. "ते मनाला फार लावून घेतात."

आणि नेमकं तेव्हाच डाव्या गालातलं मिरचीचं भजं फुटलं. विसूभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

रावसाहेबांना गलबलून आलं. "अहो, असं नका हो करू! मलाही मुलगी आहे! शेवंती दोन्ही वेळचे वर्ग घेईल. निशिकांत तिला रोज सोडायला जाईल. आणि त्या पहिल्या फांदीवरच्या पिलाला मी स्वतः धरीन! आता तरी हो म्हणा!"

विसूभाऊंनी अगदी सावकाश मान हलवली. जोरात हलवली असती तर प्रकरण बाहेर आलं असतं.

इंदुताईंनी टाळ्या वाजवल्या. निशिकांत लाजून शेपटीशी चाळा करू लागला. सगळे उठून दाराशी आले, तर मुंगूस आडवं आलं.

"सर, गोडाच्या टेबलावरच्या गुलाबजामांचा हिशेब लागत नाहीये. जरा तोंड—"

"खबरदार!" रावसाहेब कडाडले. "हे आमचे व्याही आहेत! एवढे विचारी गृहस्थ गुलाबजाम चोरतील?"

मुंगूस ओशाळलं. त्याने विसूभाऊंची माफी मागितली आणि त्यांच्या हातात बडीशेपेची पुडी ठेवली.

घरी अण्णांनी अकराच्या अकरा गुलाबजाम खाल्ले. "थोडे तिखट लागतात," म्हणाले, "पण हल्ली असंच करत असतील."

लग्न थाटात झालं. अक्षता पडल्या आणि विसूभाऊंनी तोंड उघडलं. ते अजून मिटलेलं नाही. पण सोयरीक झाली ती झालीच. शेवंतीच्या वर्गात आता तीस पिलं आहेत, आणि पहिल्या फांदीपाशी रावसाहेब हात पसरून उभे असतात.

ते व्याह्यांकडे जातात तेव्हा मात्र न चुकता गुलाबजामांचा डबा नेतात. आणि नमस्काराच्या आधी डबा उघडतात.

तात्पर्य : तोंडात घास असताना बोलू नये, असं तुमची आई सांगते ते अगदी बरोबर आहे. म्हणून, मुलांनो, चार मोठ्या लोकांत जाताना तोंडात कायम घास ठेवावा.