माळ्यावरची पेठ

शिरूरच्या आमच्या पेठेत भांड्यांचं एक दुकान असं होतं, की गिऱ्हाईक दारात आलं की दुकानदार आधी ओठांवर बोट ठेवायचा. "हळू," वसंतअण्णा कुजबुजायचे, "वर निजल्यात." दुपारी एक ते चार तर ते भांड्याला भांडं लागू द्यायचे नाहीत. चुकून परातीत डाव पडला, तर अण्णा स्वतःचेच दोन्ही कान धरून माळ्याकडं बघायचे आणि माफी मागायचे. नवं गिऱ्हाईक बिचारं विचारायचं, "घरात कोण आजारी आहे का?"

"न्हाई, न्हाई," अण्णा म्हणायचे. "आजारपणं सरली त्यांची."

वर कोणी नव्हतं हे आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं. अण्णांचं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील जाऊन जमाना झाला होता. साठीच्या पुढचे, काडीसारखे, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला भांड्यांवर नावं घालून घालून पडलेला घट्टा. मशीन आल्यावरसुद्धा ते छिन्नीनंच नाव घालायचे, ठिपक्याला ठिपका लावून. आमच्या पेठेतल्या निम्म्या लग्नांची भांडी त्यांच्या नाहीतर त्यांच्या वडिलांच्या हातची. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या बरोबर समोर, त्यामुळं मला ते 'वहीवाले' म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

ती नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. लोकांना स्टीलचं वेड लागलं होतं. जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायची आणि चकचकीत स्टील घरी न्यायचं. दर पंधरवड्याला दौंडहून मोडवाला टेम्पो घेऊन यायचा आणि पोती भरून न्यायचा. पण नाव घातलेलं भांडं अण्णांनी त्याला कधी दिलं नाही. तो वैतागून म्हणायचा, "अण्णा, हे माणूस मेलंय की कवाच!"

"माणूस गेलं, व्हय. नाव कुठं गेलंय? हे बघ, हाय की हितं." आणि ते भांडं शिडीवरनं माळ्यावर जायचं.

आता हसू येतं, पण दुपारी त्या माळ्याखालनं जायला मीही कचरायचो. बाकीची शटरं खाली ओढलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, ऊन रणरणतंय, आणि वरनं एक आवाज यायचा. गुंऽऽ असा. पुष्कळ माणसं तोंड मिटून बोलत असावीत तसा. कापडवाले रमणशेठ म्हणायचे, "वाळूचे ट्रक जातात, त्यांच्या हादऱ्यानं भांडी वाजतात, दुसरं काय!" असेल. पण ट्रकवाल्यांचा संप होता त्या आठवड्यातही आवाज आला. शिवाय माळ्याची सावली चांगली रस्त्याच्या मध्यापर्यंत पडायची, तरी भर चैत्रात एक कुत्रं तिथं बसलेलं मी पाहिलं नाही. कधी कधी अण्णा वर बघून नुसतं म्हणायचे, "काशीबाई, गिऱ्हाईक हाय, जरा गप बसा," आणि आवाज थांबायचा. रमणशेठना हे सांगितलं की ते विषय बदलायचे.

अशात आमच्या पेठेचं दिवाळं वाजायची वेळ आली. रांजणगावला कारखाने आले, हायवेला नवी दुकानं झाली, गिऱ्हाईक तिकडं पळालं. आमच्याकडं काय? तुंबलेली गटारं, एकमेकांच्या पुढं काढलेल्या पायऱ्या, पानाच्या पिचकाऱ्या. शेवटी आम्ही सगळे दुकानदार एकत्र आलो. रमणशेठ अध्यक्ष, सचिव मी. कारण वही आणि पेन माझ्या दुकानात फुकट. ठरलं असं, की ज्यानं त्यानं आपली पायरी मागं घ्यायची, पत्रे कापायचे, शटरं एका रंगात रंगवायची. नगरपालिकेनंही सांगितलं, की सगळी दुकानं एका रेषेत आली तर फरशी आणि दिवे आम्ही करून देतो. एक जरी पुढं राहिलं तरी काम होणार नाही.

आणि आश्चर्य म्हणजे सगळे तयार झाले. ज्यांनी एकमेकांच्या पायरीवरनं पिढ्यान्‌पिढ्या भांडणं केली, त्यांनी स्वतः घण घेऊन आपापल्या पायऱ्या फोडल्या. राहिला एकच माळा, दोन लाकडी खांबांवर तीन फूट रस्त्यात आलेला. दर बैठकीत अण्णा मन लावून ऐकायचे, चहा प्यायचे आणि उठताना म्हणायचे, "वर इचारून सांगतो." सरकारी कचेरीतसुद्धा एवढं वर विचारत नाहीत! चार बैठका अशा गेल्यावर रमणशेठ माझ्यावर घसरले. "सचिव ना तुम्ही? मग जा, आणि काय ते एकदाचं त्यांच्याकडनं वदवून घ्या!"

मी दुपारी गेलो, दुकानं बंद असताना, म्हणजे चारचौघांत त्यांचा पाणउतारा नको. म्हटलं, "अण्णा, तुमच्या एका माळ्यापायी चाळीस दुकानं बसायची पाळी आलीय. ही पेठ मेली तर तुम्ही भांडी कुणाला विकणार?"

अण्णांनी मला खालीवर न्याहाळलं. "पेठ बघायचीया? चला."

शिडी चढून वर गेलो आणि बघतच राहिलो. धूळ नाही, जाळी नाही. चिंचेनं घासलेली पितळ-तांब्याची भांडी, लखलखीत, ओळीनं मांडलेली. तांबे, गडू, कळशा, घंगाळी. मांडणी पण कशी? डावीकडची ओळ डाव्या बाजूच्या घरांची, उजवीकडची उजव्या. मध्ये रस्त्यासारखी वाट सोडलेली. आणि प्रत्येक भांड्यात पाणी. आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी, आणि हा म्हातारा बादल्या घेऊन शिडी चढत होता!

"अर्धी पेठ खाली, अर्धी वर," अण्णा म्हणाले. "खालच्यास्नी तुम्ही हाये. वरच्यास्नी मी."

मी ओळीतनं चालत माझ्या घराच्या जागी आलो. तिथं एक तांब्या होता. गंगुआत्याचा. आत्या माझी, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडं आलेली. मला न्हाऊमाखू घालून वाढवलं तिनं. ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मीच तो तांब्या मोडीत देऊन कुकर घेतला होता. तेव्हा मनाला काही लागलं नव्हतं. आता मात्र लाज वाटली.

बाकी सगळी भांडी भरलेली होती. आत्याचा तांब्या कोरडा ठणठणीत.

"ह्यांची तेवढी पंचाईत हाय," अण्णा म्हणाले. "बाकीच्यास्नी आठवड्यातनं एकदा भरलं तरी पुरतं. ह्यांचा रोज भरतो. सकाळी काठोकाठ भरावा, दिवेलागणीच्या आत कोरडा."

"भोक असेल."

"बघा की."

मी बघितलं. बादलीतलं पाणी ओतलं, बूड रुमालानं कोरडं पुसलं, खिशातला बिलाचा कागद काढून त्यावर तांब्या ठेवला. पाव तास आम्ही दोघं तिथं उकिडवे बसून राहिलो. कागद कोरडाच होता. पाणी मात्र बोटभर खाली गेलं होतं.

"आत्यांना तहान लय व्हती का हो?" अण्णांनी सहज विचारलं.

आत्याचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं पुण्याला, आणि डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. "घोटभर दे रे," असं ती दिवसभर म्हणत होती. मी ओला कापूस तिच्या ओठांना लावत राहिलो. संध्याकाळी ती गेली. खोलीत मी एकटाच होतो, आणि हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

"अण्णा, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"काय?" ते म्हणाले. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं.

मग ते आपणहून बोलायला लागले. "माळा काढा म्हणता. काढा की. मला काय त्या खांबांचं लोणचं घालायचंय? पन ह्यास्नी न्हेऊ कुठं? आन् माळा ऱ्हायला, तरी मी किती दिस? मला मागंपुढं कोन न्हाई. मी गेलो की दुसऱ्या दिशी दौंडचा टेम्पो दारात. मग ह्यास्नी पाणी कोन?" चार बैठका ज्यासाठी अडून बसले होते, ते हे होतं.

समोरच्या ओळीत, बरोबर आत्याच्या समोर, एक लहान तांब्या पालथा ठेवलेला होता. वाकून बघितलं तर ठिपक्या-ठिपक्यांचं नाव: वसंत.

"हा?"

"माझा. जागा धरून ठेवलीया."

"मग पालथा का?"

"जित्या माणसाचा भरत न्हाईत. आन् पुढं भरायला मी नसनार. उगं त्याला पान्याची सवय कशाला?"

खाली उतरलो आणि तडक रमणशेठकडं गेलो. म्हटलं, माळा निघेल. पण प्रत्येकानं आपापलं माणूस खाली आणायचं आणि आपल्या दुकानापुढं पाणी भरून ठेवायचं, रोज. येणारा-जाणारा पिईल. पेठेत पाणपोई हवीच आहे. आत्याचं मात्र काही बोललो नाही. असलं काही बोललो असतो, तर लोक दुसऱ्या दिवसापासून वह्या दुसरीकडं घ्यायला लागले असते.

"म्हणजे सचिवांनाही लागण झाली!" रमणशेठ म्हणाले आणि हा प्रकार कायमचा मिटवायला स्वतः शिडी चढले. बराच वेळ खाली आलेच नाहीत. आले तेव्हा आजोबांचा गडू पोटाशी धरलेला. वर काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी यायचं. पायात चप्पल नको."

त्या दिवशी सगळी पेठ अनवाणी जमली. अण्णा शिडीच्या माथ्यावर उभे राहून शाळेतल्या हजेरीसारखी नावं पुकारत होते. "काशीबाई! काशीबाईंचं कोन आलंय?" मग खालनं कुणीतरी खाकरून म्हणायचं, "मी. नातू." भांडं हातोहात खाली यायचं. ज्यांचं पेठेत कोणी उरलं नव्हतं त्यांना हॉटेलवाल्यानं घेतलं, सलूनवाल्यानं घेतलं. कुणी थट्टा केली नाही. संध्याकाळपर्यंत माळा रिकामा झाला.

महिन्याभरात खांब निघाले, फरशी बसली, दिवे आले. गिऱ्हाईकही थोडंफार परत वळलं. दारोदार थंड पाणी मिळतं ही पेठेची ख्याती झाली, बाजारच्या दिवशी खेड्यापाड्यातली माणसं मुद्दाम आमच्याकडनं जायला लागली. दुपारचा आवाज थांबला नाही. आता तो प्रत्येक दारातनं थोडाथोडा येतो. आत्याचा तांब्या गिऱ्हाईकच चार वेळा रिकामा करतं, त्यामुळं कोण किती पितं ते कळायला मार्ग नाही. मी मोजायला जात नाही.

भांडी वाटून झाली तेव्हा पालथा तांब्या तेवढा उरला होता. मी उचलला तसे अण्णा खेकसले, "जित्या माणसाचं कशाला न्हेता?"

"जागा धरायचीय ना? मग माझ्याकडं धरा. समोरच तर आहे." आणि आत्याच्या शेजारी तो ठेवला, पालथाच.

दिवाळीच्या साफसफाईत एकदा दुपारी मी तो पुसायला सुलटा केला आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून तसाच ठेवून वळलो. समोरनं आरोळी आली. बघतो तर अण्णा नव्या फरशीवरनं अनवाणी पळत येतायत, हात वर, धोतर सुटायच्या बेतात. "ओ वहीवाले! हाय मी अजून! हाय मी!"

सगळी पेठ खो खो हसली. अण्णा हसत नव्हते. धापा टाकत त्यांनी तांब्यात डोकावून बघितलं.

"भरला नाही, अण्णा. पुसत होतो."

"बरं." त्यांनी तांब्यावरच्या नावावरनं अंगठा फिरवला. "पन... भरनार तुम्हीच ना?"

"मीच."

त्यांनी स्वतःच्या हातानं तो पालथा घातला. मग माझ्या दुकानात कधी नव्हे ते आत आले, स्टुलावर बसले, आणि चार वाजेपर्यंत उठलेच नाहीत.