लाल कापडातली पोथी

कुठल्याशा गावच्या वाचनालयातून दुर्मीळ ग्रंथ चोरीला गेल्याची बातमी वाचली आणि पाथरीच्या वाचनालयाचे ग्रंथपाल काशीनाथराव यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्याकडे चोरण्याजोगी एकच वस्तू होती, लाल कापडात बांधलेली हस्तलिखित पोथी. अध्यक्ष बसवंतराव यांच्या आजोबांनी ती वाचनालयाला दिली होती. काशीनाथरावांनी लोखंडी कपाटाला आणखी एक कुलूप ठोकलं आणि दोन्ही किल्ल्या जानव्याला बांधल्या. त्या दिवसापासून ते नुसते वाकले तरी खुळखुळत.

पोथी कुणी उघडत नसे. पोथी सोडायची नसते, दसऱ्याला तिला फूल वाहायचं असतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण विद्यापीठातून उत्तरा मॅडम तिचे फोटो काढायला आल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी गाठ सोडली. आत निघालं रेल्वेचं जुनं वेळापत्रक.

बसवंतरावांनी वेळापत्रकाची पानं उलटून पाहिली, जणू पोथी दोन गाड्यांच्या मधे कुठेतरी उभी असावी. मग ते वळले.

"काशीनाथराव, किल्ल्या तुमच्याजवळच असत्यात ना?"

काशीनाथराव मटकन खाली बसले. पुस्तकाचं पान दुमडलं तरी ज्यांचा जीव कळवळायचा, ते आता निवृत्तीच्या तोंडावर पोथीचोर ठरणार होते. पोलीस चौकीतून जमादार आले. पोथी दिसायला कशी होती, असं त्यांनी विचारलं. काशीनाथराव म्हणाले, लाल. बसवंतरावही लालच म्हणाले. कापडाच्या आत कशी होती, हे सांगणारा माणूस काही सापडेना. जमादारांनी पेन परत खिशाला लावलं. कुणीच न पाहिलेल्या वस्तूच्या चोरीची तक्रार कशी लिहायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गलका ऐकून बसवंतरावांच्या आई भागम्मा आल्या. वेळापत्रक पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"गरीब मानसाला कशाला छळायलास?" त्या लेकाला म्हणाल्या. "मामंजीनं खरी पोथी दिलीच न्हवती. गाव लय मागं लागलं, मग कापड तेवढं खरं दिलं. पोथी आपल्या देव्हाऱ्यात हाय."

देव्हाऱ्यातल्या गाठोड्याला बसवंतराव दर सोमवारी भस्म लावून डोकं टेकवत. ती दुसरीच कुठलीतरी पोथी, असं ते समजत होते. काशीनाथरावांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. चोरीचा डाग पुसला गेला होता.

सगळी वरात बसवंतरावांच्या घरी गेली. उत्तरा मॅडमनी गाठ सोडली. आत गुळगुळीत तासलेली सागवानी फळी होती.

आता भागम्माही खाली बसल्या.

"सासूबाईंचा लेकीवर लय जीव," त्या म्हणाल्या. "लग्नात तिच्यासंगं पोखर्णीला धाडली असंल. तिच्या देव्हाऱ्यात बी लाल गठुडं हाय, म्या सोता पाहिलंय."

पोखर्णी काही लांब नाही, अंधार पडायच्या आत फोटो होतील, असं म्हणत मॅडम कॅमेरा उचलून जीपकडे निघाल्या. बसवंतराव अनवाणीच धावले आणि जीपला आडवे उभे राहिले.

"मॅडम, हात जोडतो, तिथलं नका सोडू," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात आता तेवढी एकच पोथी राहिलीय."