रेवतीच्या मांडवातली घरघर

आमच्या रेवतीचं लग्न झालं ते चौऱ्याण्णव साल. त्याच वर्षी आम्ही फरीदाबादच्या नव्या सेक्टरात राहायला आलो आणि त्याच वर्षी मी स्वतःच्या हाताने अँप्लिफायर बनवला. अख्ख्या सेक्टरात दुसऱ्या कुणी बनवून दाखवावा!

त्याला कारण होतं. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने मांडवात थांबायचं नाही, तुळशीला पाणी घालायचं. आणि माझ्या बायकोने, कुमुदिनीने, तर लेकीसाठी स्वतः मंगलाष्टक रचलेलं!

"तू बाल्कनीत तुळशीपाशी बस," मी म्हटलं. "आवाज खाली मांडवात पोचवणं माझं काम!"

आदल्या आठवड्यात चाचणी घेतली. आवाज पोचला, पण सोबत घरघरही आली. जणू कुमुदिनीमागे रेडा घोरत होता!

"अहो, लेकीच्या लग्नात हे असलं?"

"विजेत कचरा आहे गं. फिल्टर लावतो, गाळलेल्या चहासारखा आवाज येईल!"

दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात दुकानदाराने तळहाताएवढा फिल्टर पुढे केला. मी सगळ्यात मोठ्यावर बोट ठेवलं.

"अंकलजी, फॅक्टरी चलानी है क्या?"

"बेटी की शादी है!"

डब्यावरचं अक्षर न् अक्षर मी वाचलं. चाळिशीत कुमुदिनीने मला वाचायला शिकवलं, तेव्हापासून एकही अक्षर मी वाया जाऊ देत नाही. 'अर्थिंग जरूरी' असं लिहिलं होतं. घरच्या बोर्डाला चांगली तीन भोकं होती. म्हणजे झालंच की अर्थिंग! फिल्टर लावला आणि घरघर साफ गेली. चपला घालून मी स्वतः माइकवर 'हॅलो हॅलो' केलं. छाती दोन इंच फुगली!

लग्नाच्या दिवशी कुमुदिनी ओल्या बाल्कनीत अनवाणी बसली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात माइक. तिने पहिली ओळ उचलली आणि साऱ्या सेक्टराने ऐकलं,

"आई गं! अहो, मेले मी!"

बँडवाले पंजाबी. एवढी मोठी आरोळी म्हणजे लग्न लागलं, असं समजून त्यांनी दणक्यात सुरुवात केली! शेजाऱ्यांनी मूठमूठ अक्षता फेकल्या. गुरुजींच्या हातून अंतरपाट निसटला.

"अहो थांबा! मुहूर्ताला वेळ आहे अजून!"

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. (बोर्ड नंतर उघडून पाहिला. तिसऱ्या भोकामागे जमिनीत जाणारी अर्थिंगची तारच नाही! बिल्डरने ते शोभेला ठेवलेलं. फिल्टरने गाळलेला सगळा कचरा माइकमधून थेट माझ्या बायकोत!)

मी फिल्टर उपटून फेकला. "आता गा."

"घरघर येईल."

"येऊ दे."

"आणि झटका?"

"माइक मी धरतो!"

धरला. तिने क्षणभर त्या घरघरीला कान दिला, तिच्यातूनच सूर उचलला आणि अशी गायली, अशी गायली, की बँडवालेसुद्धा बाजा खाली ठेवून उभे राहिले.

जेवताना व्याही विश्वनाथरावांनी विचारलं, "विहीणबाईंच्या मागे तानपुऱ्यावर कोण होतं हो?"

"मीच!" मी म्हटलं, आणि जिलेबी वाढून घेतली.

त्या दिवसाची कॅसेट घरात आहे. घरघर सुरू झाली की मी आवाज वाढवतो. कुमुदिनी दोन हजार सहा साली, मार्गशीर्षात वारली.