पास्कल सरांचा मोतीबिंदू

आम्ही हॉलला हिरवा रंग दिला, त्या दिवसापासून पास्कल सर आमच्या घरात आले नाहीत. नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहायचे.

"बाय, पूर्वी युरोपात हा रंग आर्सेनिक घालून करत. हिरव्या भिंतींच्या खोल्यांत माणसं आजारी पडत. नोंद आहे."

"सर, हा साधा डब्यातला रंग आहे."

"त्यांनाही असंच वाटत होतं," म्हणत सरांनी चहा पायरीवर बसून घेतला.

पास्कल सर वसईजवळच्या आमच्या पापडी गावातलेच, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांच्या केळीच्या बागेत आणि आमच्या घरात एक कुंपण तेवढं. पाश्चात्त्य चित्रकलेचा अख्खा इतिहास त्यांना पाठ. पण त्यातून त्यांनी मुख्यतः एकच गोष्ट उचलली होती, कोणाला कशाने काय झालं. पांढऱ्या रंगात एके काळी शिसं असायचं, म्हणून शाळेत मुलांना तीनतीनदा हात धुवायला लावायचे. कुणी फ्रेंच चित्रकार उघड्यावर चित्र काढताना पावसात भिजला आणि न्यूमोनियाने गेला, म्हणून भर मे महिन्यात सरांच्या हातात छत्री. ओल्या गिलाव्यावर छत रंगवणाऱ्या एकाची मान इतकी अवघडली की पत्रसुद्धा डोक्यावर धरून वाचावं लागे. म्हणून सर चर्चमध्ये कधी वर बघत नसत.

"देव वर आहे हे ठाऊक आहे मला. मान कशाला मोडून घेऊ?"

आम्ही हसायचो. मग वसई रोडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करा. सोबत मी होते. परतताना रिक्षात सरांनी दांडा असा आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली.

"सर, आजकाल दहा मिनिटांचं काम असतं."

"इम्प्रेशनिस्ट चित्रकारांमधल्या एका म्हाताऱ्यालाही मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, रंग खरे दिसायला लागले आणि आपलीच चित्रं बघून तो हादरला. काही त्याने फाडूनसुद्धा टाकली."

मला हसू आलं. सर हसले नाहीत.

"आग्नेसला मी या डोळ्यांनी काढलंय, बाय."

आग्नेस म्हणजे त्यांची बायको. तिला फोटोची भारी चीड. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. ती गेल्यावर सरांनी आठवणीतून तिचं तैलचित्र काढलं आणि हॉलमध्ये लावलं. ते चित्र निळं होतं. कपाळ, गाल, हात, सगळं शाई सांडल्यासारखं. मोतीबिंदूने पिवळट झालेल्या डोळ्यांना निळा रंग कळलाच नव्हता. आळीत सगळ्यांनी पाहिलं, कुणी बोललं नाही. मी तर "हुबेहूब" म्हणाले होते.

शेवटी सर तयार झाले. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली त्या सकाळी सरांनी मला बोलावून घेतलं. चित्र काढून लपवावं, असं आदल्या दिवशी दहादा मनात आलं होतं, पण धीर झाला नव्हता. सर चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांनी काळा चष्मा काढला. मी खाली बघत राहिले.

"निळी आहे," सर म्हणाले.

"हो सर."

"तुला दिसत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

सर जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. हनुवटीशी बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"रंगाची भीती नव्हती गं. ती रोज थोडी थोडी पुसट होत चालली होती माझ्या डोक्यातून. वाटायचं, डोळे साफ झाले आणि समोर भलतीच बाई निघाली तर?" ते चित्राकडे आणखी वाकले. "पण तीच आहे. हसू दाबताना ओठाचा हा कोपरा असाच खाली जायचा."

"मग आता रंग नीट करणार?"

"नको. हात लावला आणि हरवली तर?"

त्यांनी खुर्ची ओढून चित्राच्या अगदी पुढ्यात ठेवली आणि बसले.

"तू जा, बाय. आम्ही बसतो जरा."