चाबूक वाजेना

"हा चाबूक आहे की लेंग्याची नाडी?" रिंगमास्टरने नवाकोरा चाबूक चाबूकवाल्याच्या पुढ्यात आपटला. "सकाळपासून फिरवतोय, आवाज म्हणून नाही! आणि संध्याकाळी सर्कशीचा पहिला खेळ!"

चाबूकवाल्याची तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांत त्याच्या मालाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. "मुठीपाशी अंगठ्याएवढी जाड वेणी, पुढे निमुळती होत टोकाला सुतळीएवढी. वेणी बारीक होत जाते तसा वेग वाढतो. चाबूक वाजणारच! मनगटात जीव हवा."

"मग दाखवा वाजवून!"

चाबूकवाल्याने बाह्या सरसावून चाबूक फिरवला. फुस्स! चिडून दुप्पट जोराने फिरवला. फळीवरचा सरसाचा डबा कलंडला, तो थेट रिंगमास्टरच्या लाल कोटावर.

"माझा कोट!" रिंगमास्टर किंचाळला.

"अहो, काय चाललंय काय?" चाबूकवाल्याची बायको आतून धावत आली.

चाबूकवाल्याचं लक्ष आत्ता कुठे टोकाकडे गेलं. "इथला सुताचा गोंडा कुठाय?"

"ती दोऱ्यांची लक्तरं? मी कापली. गिऱ्हाइकाला माल द्यायचा तर जरा नीटनेटका नको?"

"अगं बये, आवाज तोच काढतो! त्याच्याशिवाय चाबूक मुका!"

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं का?" तिने रागारागाने नवा गोंडा बांधला, अंगणात गेली आणि सगळा राग एका झटक्यात काढला. कडाड! शेजारच्या चार खिडक्या उघडल्या.

रिंगमास्टरने लगबगीने चाबूक घेतला. त्याच्या हाती मात्र तो त्याच्याच मानेभोवती वेटोळं घालून बसला. चाबूकवाला काही बोलणार, तोच रिंगमास्टरने आवाज खाली आणला. "वहिनी, संध्याकाळी पडद्यामागे उभ्या राहाल?"

संध्याकाळी रिंगमास्टर साधी दोरी हवेत फिरवी आणि पडद्यामागे खरा चाबूक कडाडे. तंबू टाळ्यांनी दणाणून जाई. पहिल्या रांगेत चाबूकवाला धुमसत होता.

"काय हात आहे हो त्याचा!" शेजारचा म्हणाला.

आता मात्र चाबूकवाल्याला राहवेना. तो ताडकन उठला, पडद्याच्या दिशेने बोट रोखलं आणि गरजला, "त्याचं काही कौतुक सांगू नका! ती माझी बायको आहे, बायको!"

तंबू एकदम चिडीचूप झाला. पडद्यासमोर त्या वेळी एक म्हातारी पांढरी घोडी मागच्या पायांवर उभी होती.